सोनमच्या वहीचा हमाल

गडहिंग्लजच्या बाजार आवारात मिरचीचा सौदा भरला, की पहिल्यांदा आलेल्या माणसाला दोन गोष्टींचं नवल वाटायचं. एक म्हणजे लालभडक ढिगांच्या मधोमध उभी राहून ही माणसं शिंकत कशी नाहीत. आणि दुसरं म्हणजे, पाठीवर पोतं घेतलेला एक उंच हमाल चालता चालता मधेच थांबतो, पोत्यासकट गुडघ्यात वाकतो, जमिनीवरचा कागदाचा कपटा उचलतो आणि समोर दिसेल त्याच्यापुढं धरतो.

"पावणं, एवढं वाचा की."

पावणा वाचायचा. कधी एसटीचं तिकीट असायचं, कधी औषधाच्या पुडीवरचं नाव, कधी कुणाच्या लग्नपत्रिकेचा कोपरा.

"हं. माझं न्हाय," एवढंच म्हणून हमाल तो कपटा खिशात घालायचा आणि पोतं घेऊन पुढं चालायला लागायचा.

त्याचा जोडीदार गुंडू मागून ओरडायचा, "पावणं, दाद्याला कागुद दावू नगा! दिवस मावळंस्तवर वाचाय लावंल. मागं ह्येनं एकाचं विजंचं बिल उचललं, आन् त्यो बिचारा आख्ख्या आवारात बिल हुडकत शिव्या देत फिरत हुता. बिल कुठं? तर दाद्याच्या खिशात, गपगार!"

आवार हसायचं. दादासोही हसायचा. पण पुढचा कागद दिसला की परत वाकायचा.

ही दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. दादासो कांबळे तेव्हा पन्नाशीच्या पुढं गेला होता. हे वेड त्याला कशानं लागलं ते कळायला सात-आठ वर्षं मागं जायला हवं.

दादासोची कवळेवाडी गडहिंग्लजपासून आठ मैलांवर. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून मैलभर पायवाट, आणि पायवाटेच्या कडेनं घायपाताची लांबच लांब रांग. बायको यल्लव्वा पलीकडच्या कानडी मुलखातली. खुशीत असली की मराठी बोलायची आणि रागावली की कानडी. त्यामुळं लग्नाला वीस वर्षं झाली तरी दादासोला निम्म्या शिव्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि संसार सुखाचा चालला होता.

त्यांना एकच लेक, सोनम. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून पाचवीपासून ती एसटीनं गडहिंग्लजला मुलींच्या शाळेत जायची. अठ्ठ्याण्णव साली सातवीत होती. खिडकीपाशी दुसरा बाक तिचा आणि वर्षाराणीचा. वर्षाराणीचे वडील गणपतराव एसटीत कंडक्टर. दोघी इतक्या चिकटून असायच्या, की गणपतराव म्हणायचे, "ह्या दोघींस्नी एकच तिकीट फाडलं तरी चालतंय."

त्या जुलैत सोनमचे गुडघे सुजले. मग ताप आला, मग धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"सांध्यांचा ताप हृदयावर गेलाय. झडपेला सूज आहे. मार्चपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. चालायचं नाही, दमायचं नाही."

"मग साळा?" दादासोनं विचारलं.

"आधी जीव, मग शाळा."

जीव हा शब्द ऐकून यल्लव्वा रडायला लागली. सोनम रडली ती शाळेसाठी. "आबा, मी ह्याच वर्गात ऱ्हायले तर वर्षा म्होरं जाईल. बाकावर दुसरी बसंल."

दादासो दुसऱ्याच दिवशी डोक्याचं फडकं काढून शाळेच्या कचेरीबाहेर उभा राहिला. वर्गशिक्षिका शालूबाई बाहेर आल्या. पोरीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरांचा दाखला आणा, हजेरीचं मी बघते. पण वार्षिक परीक्षेला तिला बसावं लागेल. तोवर घरात शाळा करा. वेळेवर उठवा, वेळेवर अभ्यासाला बसवा, वेळेवर सोडा. आणि संध्याकाळी तुम्ही तिच्याजवळ बसा."

"बाई, मला वाचाय कुठं येतंय? अंगठा उठवतोय मी."

"वाचायला तिला येतंय. तुम्ही नुसतं बसा."

आता दादासोला सांगितलेलं काम चोख करायची सवय. मिरचीचं पोतं कुठल्या अडत्याच्या दारात टाकायचं हे एकदा सांगितलं, की दुसऱ्यांदा सांगायला लागायचं नाही. त्यानं घरात शाळा केली. यल्लव्वानं रोज अकरा वाजता पितळेची थाळी बडवायची, म्हणजे शाळा भरली. पाच वाजता परत बडवायची, म्हणजे सुटली. पंधरा दिवसांत वाडीतल्या बायका त्या थाळीच्या आवाजावर भाकरी टाकायला लागल्या. एक दिवस यल्लव्वा थाळी विसरली, तर शेजारची चिमणाबाई दारात येऊन म्हणाली, "अगं, आज सुट्टी हाय व्हय? माझी चूल थंड पडली की!"

सोनमच्या रोज दोन वेण्या घालायच्या, त्यांना लाल रिबिनी. अंगात शाळेचाच फ्रॉक. सोप्यात खिडकीखाली अंथरूण, मागं उशांचा ढीग, आणि मांडीवर पाट.

शाळा घरापर्यंत यायची ती एका वहीतून. वर्षाराणी मधल्या सुट्टीत आणि तासांच्या अधेमधे दिवसभराचं सगळं सोनमच्या वहीत उतरवायची आणि पाच वाजता घरी जाताना आवाराच्या फाटकाशी दादासोच्या हातात द्यायची. रात्री सोनम उत्तरं लिहायची. सकाळी आठच्या एसटीनं वही परत गडहिंग्लजला. पावणेअकराला शाळेत जाताना वर्षाराणी ती फाटकाशी घ्यायची.

"दाद्या, आजवर पोती वाहिलीस. आता वही वहाय लागलास. हमाली काय मिळती?" गुंडू विचारायचा.

"मिळती की. रोज सांच्याला पोरगी मला शिकवती."

ते खरंच होतं. जेवण झालं की दादासो अंथरुणाशी बसायचा. सोनम मोठ्यानं वाचायची आणि मग त्यालाच प्रश्न घालायची.

"सांगा आबा, अकबराचा बाप कोण?"

"आता गं? वाडीतला आसता तर सांगिटलं आसतं."

सोनम हसायची. कधी कधी वही उघडताच, वाचायच्या आधीच, मधल्याच कुठल्या पानावर खुदकन हसायची. दादासो यल्लव्वाला म्हणायचा, "गणितात हसण्यासारखं काय आसतंय गं एवढं?" त्याला काय माहीत, की वहीच्या मधल्या पानात, पिनांपाशी, वर्षाराणीची चिठ्ठी असते. आणि सकाळी त्याच जागी सोनमची असते. तो दोघींचा कारभार होता. आईबापाला सांगण्यासारखा नव्हता. दादासो रोज ते टपाल न कळता पोचवत होता आणि पोरगी अंथरुणात पडूनही वर्गातच होती.

दिवाळीपर्यंत हे असं चाललं.

दिवाळीनंतर मिरचीचा हंगाम लागला. आवार लाल झालं. मिरचीची ती बारीक पूड कुठं शिरायची नाही? कपड्यात, डब्यात, कानाच्या पाळीमागं, आणि पिशवीत गुंडाळलेल्या वहीतही. एका संध्याकाळी सोनमनं वही उघडली आणि तिला ठसका लागला. एकावर एक. ओठ निळे पडले, डोळे पांढरे व्हायला लागले. यल्लव्वा कानडीत किंचाळायला लागली. अर्ध्या तासानं पोरगी श्वासावर आली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दादासोवर ओरडले. "तिच्याजवळ ही धूळ गेलेली मला चालणार नाही!"

आणि सांगितलेलं काम दादासोनं चोख केलं. त्या दिवसापासून तो आवारातून निघताना नळाखाली आंघोळ करायचा. फाट्यावर एसटीतून उतरला, की घायपाताच्या रांगेपाशी वाऱ्याकडं पाठ करून उभा राहायचा, वही पुठ्ठ्याला धरून उलटी करायचा आणि झटकायचा. पोतं झटकावं तशी, चांगली दहा-बारा वेळा. सकाळीही तेच. दुसऱ्याची लेक शिंकायला नको, म्हणून वर्षाराणीच्या हातात द्यायच्या आधी आवाराच्या कोपऱ्यात तो वही झटकायचा.

झटकताना कागदाचे कपटे उडायचे. ते त्याला दिसत होते. चांदी, चॉकलेटचे कागद, पिसं, घडी घातलेले तुकडे. घरी येऊन तो यल्लव्वाला म्हणालाही, "पोरींच्या वह्या म्हंजे निस्ता उकिरडा. बरं झालं, साफ तरी हुतीया."

यल्लव्वा म्हणाली, "चांगलं करताय बघा."

आठवड्याभरात सोनम वही उघडताना हसेनाशी झाली. पानं चाळायची, परत मागं यायची, पिनांपाशी बोट फिरवायची. मग वही मिटायची. दादासो विचारायचा, "आज अकबराचं काय न्हाय?" ती म्हणायची, "न्हाय." डिसेंबर लागला तसा अभ्यास पाटावरच पडायला लागला. थाळी वाजली तरी ती भिंतीकडं तोंड करून पडायची. वेणी घालायला गेलं तर यल्लव्वाचा हात ढकलायची.

"मला न्हाय बसायचं परीक्षेला."

"का गं बाळा? दुखतंय काय?"

"तितं माझं कोण हाय?"

दादासोला वाटलं, दुखणं वाढलं. त्यानं वही आणखी जोरानं झटकायला सुरुवात केली.

नाताळच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्षाराणी फाटकाशी आली. रोज पळत यायची, आज सावकाश आली. वही त्याच्या हातात दिली आणि जमिनीकडं बघत म्हणाली, "मामा, आमच्या पपांची बदली झाली. आजऱ्याला. उद्या सकाळी नऊला टेम्पो येणार हाय."

"आँ? मग आमच्या सोनीचं कसं?"

"तिला काय फरक पडतोय?" पोरीचा आवाज एकदम फुटला. "दोन म्हैने मी रोज चिठ्ठी लिवतोय. एक उत्तर न्हाय तिचं. रागावली आसंल तर रागावली म्हणून तर लिवायचं!"

"कसली चिठ्ठी?"

"वहीत ठेवत हुतो की मामा. मधल्या पानात."

दादासोच्या पाठीवर पोतं नव्हतं, पण तो पोतं घेतल्यासारखा वाकला. फाटकाच्या दगडावर बसला. गुंडू पळत आला, "दाद्या, चक्कर आली काय?" दादासो उठला आणि वर्षाराणीला म्हणाला, "पोरी, ती रागावली न्हाय गं. तीबी लिवत आसंल. माझ्या हातनं..." सव्वापाचची एसटी सुटत होती. पुढचं काम टाकून तो धावत जाऊन तिच्यात चढला.

फाट्यावर उतरला तेव्हा ऊन अजून घायपातावर होतं. रांग बघितली. घायपाताच्या पानांची टोकं म्हणजे दाभण, आणि त्या दाभणांवर कागद टोचलेले. रोज तो तिथंच उभा राहत होता आणि वाऱ्याकडं पाठ असल्यामुळं सगळं समोर जाऊन अडकत होतं. त्यानं हात घातला. वाचता येत नसल्यामुळं कुठला कागद पोरीचा आणि कुठला वाऱ्याचा, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्यानं सगळेच काढले. विडीच्या बंडलाची वेष्टणं, तिकिटं, चॉकलेटचे कागद, वर्तमानपत्राचे तुकडे. हात रक्तबंबाळ झाले. डोक्याचं फडकं भरलं.

घरी येऊन त्यानं ते फडकं सोनमच्या अंथरुणावर सोडलं.

"ह्यातलं तुझं कंचं, बघ बाळा. मी पाप केलंय."

सोनम उठून बसली. कचरा बाजूला काढत गेली. तिच्यासमोर तेरा चिठ्ठ्या राहिल्या. काही उन्हानं पिवळ्या पडल्या होत्या, काही दवानं भिजून शाई पसरली होती. ती वाचत गेली, आणि दादासोनं सांगितलं म्हणून मोठ्यानं वाचत गेली.

"सोनम, बाईंनी काल मला तुझ्या नावानं हाक मारली. सगळा वर्ग हसला."

"सोनम, तू रागावलीस का? मी काय केलं?"

"आम्ही पाचजणी रविवारी तुझ्याकडं यायचं ठरवलंय. तुझ्या घरी चालेल का ते लिही."

"तू काहीच लिहिलं नाहीस म्हणून आम्ही आलो नाही."

"तुझी जागा मी अजून कुणाला दिली नाही. दप्तर ठेवते तिथं."

"बाईंनी आज तिथं दुसरी बसवली. मी नको म्हणाले होते."

चुलीपाशी यल्लव्वा तोंडाला पदर लावून बसली होती. सोनमनं चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या. बापावर ओरडली नाही. नुसतं विचारलं, "आबा, माझ्या कुठं पडल्या?"

"आवारात."

"आवार रोज झाडत्यात?"

"व्हय."

"मग काय करत्यात कचऱ्याचं?"

दादासोनं खाली बघितलं. "पेटवत्यात."

सोनमनं मान हलवली, आणि मग पहिल्यांदा त्याच्या हातांकडं बघितलं. "आई, हळद आण. आबांच्या हातास्नी काटं लागल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर काय म्हणतील याचा विचार त्यानं केला नाही. सोनमला पाठीवर घेतलं. आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस, पण म्हणाला, "यल्लव्वा, हिला वजनच न्हाय गं." मैलभर पायवाट तो संथ चालला, पोरीला हिसका बसू नये म्हणून. आठची एसटी नेमकी उशिरा आली. गणपतरावांच्या दारात पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. दाराला कुलूप. अंगणात टेम्पोच्या चाकांचे वळ आणि तुळशीशेजारी एक तुटकी पाटी.

"आबा, मला खाली ठिवा," सोनम म्हणाली. ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "चला. परीक्षा हाय."

पुढं गणपतरावांना आजरा-गडहिंग्लज गाडीचीच ड्यूटी मिळाली. दादासो स्टँडवर त्यांना गाठायचा. त्यांच्या कातडी पिशवीतून आठवड्यातून दोन चिठ्ठ्या इकडून तिकडं जायला लागल्या. मात्र आता एक गंमत गेली होती. वर्षाराणीला नवी शाळा मिळाली, नवा बाक मिळाला, आणि तिच्या चिठ्ठ्यांत सोनमला ठाऊक नसलेली नावं यायला लागली. चिठ्ठ्या आखूड होत गेल्या. कुणाचा दोष नव्हता. त्या वयात तसंच होतं.

वहीत उतरवायचं काम शालूबाईंनी स्वतः घेतलं. सोनमनं जानेवारी ते मार्च मान वर काढली नाही. थाळी वाजायच्या आधी तिची वेणी झालेली असायची. एप्रिलमध्ये दादासोनं तिला रोज पाठीवर घेऊन वर्गात नेऊन बसवलं आणि पेपर संपेपर्यंत शाळेच्या फाटकाशी उकिडवा बसून राहिला. ती पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. आठवीच्या वर्गात ती जून आणि जुलै असे दोन महिने बसली, खिडकीपाशी, दुसऱ्या बाकावर.

झडपेच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नंबर लावला होता. नंबर यायच्या आधीच श्रावणात सोनम गेली.

यल्लव्वानं थाळी परत कधी जेवणालाही काढली नाही.

दादासोनं हमाली सोडली नाही. पण कागद उचलायला लागला. सगळ्यांना वाटायचं, पोरीच्या दुःखानं डोकं फिरलं. डोकं फिरलं नव्हतं. वर्षाराणीच्या तेरा चिठ्ठ्या घायपातानं राखल्या होत्या. सोनमच्या दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या मात्र त्याच आवारात, त्याच्याच हातून पडल्या होत्या. रोज झाडतात, पेटवतात, हे त्याला माहीत होतं. पण एखादा कपटा पोत्याच्या शिवणीत, कुठल्या अडत्याच्या फळीखाली राहिला असेल, तर? पायदळी कसा जाऊ द्यायचा?

दोन हजार सहाच्या हंगामात एक दिवस सौदा संपता संपता एक तरुण बाई फाटकाशी आली. आजऱ्याच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागली होती. नाकाला रुमाल होता, डोळ्यांत पाणी.

"मामा, वळखलं का?"

दादासोनं तिच्याकडं बघितलं, आणि दोन वेण्या, दप्तर, पळत येणारे पाय सगळं एकदम आठवलं. "वर्षा."

तिनं पर्समधून एक पातळ वही काढली. तिच्या पानात दिवाळीच्या आधीची, सोनमच्या हातची एक चिठ्ठी चिकटवली होती. "बाकीच्या चिठ्ठ्या सामानात कुठं गेल्या, घावल्या न्हाईत. ही एवढीच. आवरताना मिळाली. तुमास्नी द्यावी म्हणून आलो."

"वाच की."

वर्षाराणीनं रुमाल बाजूला केला आणि वाचलं, "वर्षा, बाईंना सांग, अपूर्णांकाचं सहावं गणित पुस्तकातच चुकलंय. मी तीनदा केलं. आणि आमचे आबा तुला फाटकाशी लिमलेटची गोळी देतात ना, उद्यापासून दोन माग. एक वहीत ठेव. मला मागायला लाज वाटते."

गुंडू जवळच उभा होता. त्यानं पाठीवरचं पोतं हळूच खाली टेकवलं.

"गोळी?" दादासो म्हणाला. "मागितली आसती तर..."

"मी ठेवलती एक," वर्षाराणी म्हणाली. "वहीला मुंग्या लागल्या."

दादासो हसला. हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. त्यानं हात फडक्याला पुसले, वही तिच्याकडून घेतली, आणि त्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, "व्हय. ही माझी."

एवढ्यात शेजारी कुणीतरी पोतं आपटलं आणि लाल पुडीचा लोट उठला. वही उघडीच होती. पूड त्या पानावर बसली. त्याचे हात सवयीनं वर गेले, पुठ्ठ्याला धरले, आणि तिथंच थांबले. त्यानं वही तोंडापाशी आणली आणि हळू फुंकर मारली.